विश्लेषण : धाप फुप्फुसांची की हृदयाची? दमेकऱ्यांच्या हृदयतपासणीत अडचण नेमकी कुठे येते?

जिना चढताना धाप लागते, छातीत दडपल्यासारखे होते, संध्याकाळी पाय सुजतात. सीओपीडी किंवा फुप्फुसांचा दुसरा जुनाट आजार असलेल्या घरात या तक्रारी नव्या नसतात. ‘नेहमीचाच दमा आहे’ म्हणत पंपाचे दोन फवारे जास्त घेतले जातात आणि दिवस पुढे ढकलला जातो. पण हीच लक्षणे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे झाल्याचीही असू शकतात. शंका आली की डॉक्टर ईसीजी, टीएमटी, टूडी इको लिहून देतात. या रुग्णांच्या बाबतीत खरा गुंता तिथूनच सुरू होतो, कारण यातील बहुतेक चाचण्यांना बऱ्यापैकी चालणारी फुप्फुसे लागतात. फुप्फुसेच थकलेली असतील तर चाचणी अर्ध्यावर थांबते, धूसर दिसते किंवा चुकीचे उत्तर देते. शरीरात तार न घालता होणारी कोणती तपासणी कुठे अडते, कोणती उपयोगी पडते आणि तपासणीच्या टेबलावर झोपण्यापूर्वी रुग्णाने काय सांगितले पाहिजे, याचा हा आढावा.

दोन्ही आजार एकाच रुग्णात का आढळतात?

पहिले कारण सरळ आहे. विडी-सिगारेटचा धूर फुप्फुसे जाळतो तसाच हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब करतो. वाढते वय, हवेतील सूक्ष्म कण, चुलीचा धूर ही कारणेही दोन्हीकडे सारखीच आहेत. दुसरे कारण शरीराच्या आत घडते. फुप्फुसांत सतत चालणारा दाह तिथेच थांबत नाही, त्याचा परिणाम रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही होतो. रक्तातील ऑक्सिजन वारंवार घसरला की हृदयाला तेच काम जास्त जोर लावून करावे लागते.

सीओपीडीवरील ‘टॉर्च’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के श्वसनाच्या कारणांनी झाले होते, तर २७ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी. म्हणजे ज्यांच्या फाइलवर ‘फुप्फुसाचा रुग्ण’ असे लिहिलेले होते, त्यांच्यातील चारपैकी एकाहून अधिक मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांमुळे झाले. ब्रिटनमधील २०१० च्या एका अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली. सीओपीडी अचानक बळावून स्टेरॉइड व प्रतिजैविके घ्यावी लागल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची जोखीम एरवीच्या दुपटीहून अधिक असल्याचे दिसले.

भारतात या रुग्णांची संख्या लहान नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाखांवर गेले.

नागपूर आणि विदर्भासाठी हा विषय महत्त्वाचा का?

फुप्फुसे थकवणारी बरीच कारणे इथे एकाच परिसरात एकत्र आली आहेत. नागपूरच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावर चालणारी वीज केंद्रे आहेत. उमरेड, सावनेर, कामठी परिसरात आणि पुढे चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. मनसर-कांद्री भागात मँगनीजच्या खाणी आहेत. भंडारा-गोंदियात तेंदूपत्त्यावर विडी उद्योग उभा राहिला. गावांत अजूनही अनेक घरांत सरपणाची चूल पेटते आणि तिच्यासमोर आयुष्य काढलेल्या बाईने कधी विडी ओढलेली नसते.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते, की जगात सीओपीडीच्या अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. महाराष्ट्राला हे विशेष लागू पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील केवळ ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, पण धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. विदर्भात याचे ठळक रूप म्हणजे खर्रा. त्यातील निकोटीन नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते. त्यामुळे ‘मी ओढत नाही, फक्त खातो’ हे उत्तर हृदयाच्या दृष्टीने दिलासा देणारे नाही.

यात क्षयरोगातून बरे झालेल्यांची भर पडते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. औषधोपचार पूर्ण झाले, जंतू गेले, तरी अनेकांच्या फुप्फुसांवर व्रण राहतात आणि धाप कायमची सोबत करते.

साध्या ईसीजीत हृदयविकार कळत नाही का?

कळतो, पण या रुग्णांत ईसीजी वाचताना सावध राहावे लागते. सीओपीडीत, विशेषतः एम्फिसीमात, फुप्फुसे हवेने फुगलेली राहतात. पडदा खाली ढकलला जातो आणि हृदयही छातीत खाली, उभे सरकते. छातीवर लावलेले इलेक्ट्रोड आणि हृदय यांच्यामध्ये हवेचा जाड थर येतो. परिणामी आलेखातील लाटा लहान दिसतात. काही वेळा तर रेषा अशा येतात, की हृदयाच्या पुढच्या भागाला पूर्वी झटका येऊन गेला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तसे काही घडलेले नसते.

उलट बाजूही आहे. ईसीजी ठीक आला म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असा अर्थ होत नाही. विश्रांतीच्या वेळी काढलेला आलेख अडथळे असतानाही सामान्य येऊ शकतो. हे सर्वांनाच लागू आहे. फुप्फुसाच्या रुग्णात फरक एवढाच, की पुढची पायरीही तितकीच अवघड असते.

रक्ततपासण्यांचेही तसेच आहे. ट्रोपोनिन हा हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचा निदर्शक, पण सीओपीडी जोरात बळावली असतानाही तो वाढलेला आढळतो. एनटी-प्रोबीएनपी हृदयावरील ताण दाखवते, पण तो ताण डाव्या बाजूचा की फुप्फुसांमुळे उजव्या बाजूवर आलेला, हे एकट्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

टीएमटी ‘निगेटिव्ह’ आली, तरी शंका का उरते?

टीएमटी म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाला ताण देण्याची चाचणी. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलेली पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे. सुरुवातीला ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढत जातात. चाचणी पुरेशी झाली असे म्हणण्यासाठी नाडी साधारणपणे ‘२२० वजा वय’ या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचावी लागते.

समजा, साठ वर्षांचा रुग्ण आहे. २२० मधून ६० वजा केले की १६० उरतात. त्याचे ८५ टक्के म्हणजे १३६. निरोगी माणूस तिथे पोहोचतो. फुप्फुसांचा आजार पुढे गेलेला रुग्ण मात्र तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला धापा टाकत कठडा पकडतो आणि पट्टा थांबवावा लागतो. नाडी तोवर ११० पर्यंतच गेलेली असते. आलेखात दोष नाही, म्हणून अहवालात ‘गाठलेल्या श्रमापर्यंत दोष दिसला नाही’ अशा अर्थाचे वाक्य येते. घरी त्याचा अर्थ ‘हृदय एकदम ठीक’ असा घेतला जातो. खरे तर त्या दिवशी हृदयाची परीक्षाच झालेली नसते. फुप्फुसांनी आधीच हात टेकलेले असतात.

म्हणून अशा अहवालात शेवटच्या ओळीइतकेच चार तपशील महत्त्वाचे आहेत : किती मिनिटे चालले, लक्ष्य नाडीच्या किती टक्क्यांपर्यंत पोहोचले, ऑक्सिजन किती घसरला आणि चाचणी कोणत्या कारणाने थांबली. ‘धाप लागल्याने थांबवली’ असे लिहिले असेल आणि लक्ष्य गाठलेले नसेल, तर ती चाचणी निगेटिव्ह नव्हे, अनिर्णित आहे. याच्या उलटही घडते. फुप्फुसांमुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असेल तर पट्ट्यावरील आलेखात नसलेला दोष दिसू शकतो.

चालण्याची क्षमता नेमकी कशामुळे कमी झाली, हे शोधण्यासाठी कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट असते. तोंडावर मास्क लावून, सायकल चालवताना श्वासातील वायूंचे मोजमाप केले जाते. अडसर हृदयाचा की फुप्फुसांचा, हे तिच्यातून बरेच स्पष्ट होते. मात्र ती सगळीकडे होत नाही आणि रक्तवाहिनीत अडथळा कुठे आहे हेही ती सांगत नाही.

टूडी इको किती विश्वासार्ह?

इको म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेले हृदयाचे चित्र. ध्वनिलहरींना हवा ओलांडता येत नाही. फुगलेली फुप्फुसे हृदयासमोर आली की चित्र धूसर होते. अनुभवी डॉक्टर अशा वेळी बरगड्यांच्या खालून, पोटाच्या वरच्या भागातून हृदय पाहतात. एम्फिसीमाच्या रुग्णात तिथून अनेकदा अधिक स्पष्ट दिसते. काही केंद्रांत शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रावण देऊन हृदयाच्या कडा उठावदार केल्या जातात.

या रुग्णांत इकोचा दुसरा उपयोग असतो तो फुप्फुसाच्या धमनीतील दाब, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन, आहे का हे पाहण्याचा. इको हा दाब थेट मोजत नाही, झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून त्याचा अंदाज बांधते. तो अंदाज किती चुकू शकतो, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अभ्यासाने २००३ मध्ये दाखवले. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी तपासलेल्या ३७४ रुग्णांपैकी केवळ ४४ टक्के जणांत इकोवरून दाब काढता आला. जिथे काढता आला, तिथेही ५२ टक्के अंदाज प्रत्यक्ष मोजमापापेक्षा १० मिलिमीटरहून अधिक चुकले. शिवाय ४८ टक्के रुग्णांवर नसलेल्या पल्मनरी हायपरटेन्शनचा शिक्का बसला होता.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांनाही हा प्रश्न भेडसावतो. फ्रान्समध्ये सिकलसेलच्या ३९८ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इकोवरून २७ टक्के रुग्णांबाबत संशय निर्माण झाला, पण कॅथेटरने मोजल्यावर आजार ६ टक्के रुग्णांतच निघाला.

याचा अर्थ इको टाळावी असा नाही. हृदयाचे आकुंचन, झडपा, उजव्या कप्प्याचा आकार यांसाठी ती पहिली आणि सर्वांत सोपी तपासणी आहे. मात्र तिच्यातील दाबाच्या एका आकड्यावरून मोठे निर्णय घेणे धोक्याचे आहे. पल्मनरी हायपरटेन्शनची काही औषधे फुप्फुसाच्या विशिष्ट आजारांत अपायकारक ठरली आहेत. इंटरस्टिशियल न्यूमोनियाच्या रुग्णांवरील रिओसिग्वाटची चाचणी २०१६ मध्ये याच कारणाने मध्येच थांबवावी लागली होती.

चालता येत नसेल तर औषध देऊन ताण देतात, तो सुरक्षित आहे का?

ज्यांना पट्ट्यावर चालता येत नाही, त्यांच्यासाठी दोन प्रकारची औषधे वापरली जातात. फुप्फुसाच्या रुग्णासाठी या दोहोंतील फरक फार मोठा आहे.

पहिला प्रकार अ‍ॅडेनोसिनचा. थॅलियम स्कॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासणीत ते दिले जाते. त्याने हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात. अडथळा असलेल्या भागात रक्त तुलनेने कमी पोहोचते आणि स्कॅनमध्ये तो भाग फिका दिसतो. मात्र हेच औषध श्वासनलिका आवळू शकते. छातीत घरघर चालू असलेल्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाला ते देत नाहीत. डायपिरिडामोल हे औषधही याच कारणाने टाळले जाते. रेगाडेनोसॉन हे त्याच कुळातील नंतरचे औषध अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झाले. ते प्रामुख्याने हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरील ग्राहकांवर काम करते, त्यामुळे श्वासनलिका आवळण्याचा धोका कमी असतो, पण शून्य नसतो.

इथे आणखी एक पेच आहे. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या थिओफायलिन वर्गातील गोळ्या, उदाहरणार्थ अनेक घरांत असणारी डेरिफायलिन, अ‍ॅडेनोसिनच्या बरोबर उलट काम करतात. चहा-कॉफीतील कॅफिनही तेच करते. सकाळी टपरीवर घेतलेला कटिंग चहा चाचणी निकामी करू शकतो. औषधाचा परिणाम होत नाही, अडथळा असूनही स्कॅन ठीक दिसतो. त्यामुळे किमान १२ ते २४ तास चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. केव्हा आणि किती काळ, हे छातीविकारतज्ज्ञ ठरवतात.

दुसरा प्रकार डोब्युटामिनचा. हे औषध शिरेतून थोडे थोडे वाढवत देतात. हृदय जणू धावत असल्यासारखे जोरात चालू लागते आणि त्याच वेळी इकोने स्नायूची हालचाल पाहिली जाते. ते श्वासनलिका आवळत नाही, म्हणून घरघर असणाऱ्या रुग्णात याच पर्यायाचा आधी विचार होतो. मर्यादा दोन आहेत. चित्र धूसर असेल तर निष्कर्षही धूसर राहतो. आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याची प्रवृत्ती असेल, तर काळजी घ्यावी लागते.

सीटी अँजिओग्राफी हा तोडगा आहे का?

अनेक रुग्णांसाठी आहे. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन काही सेकंदांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांची त्रिमितीय चित्रे घेतली जातात. चालावे लागत नाही, फुगलेली फुप्फुसे आड येत नाहीत. या चाचणीची सर्वांत मोठी ताकद म्हणजे ‘अडथळा नाही’ हे ती फार खात्रीने सांगते. स्कॉटलंडमधील ‘स्कॉट-हार्ट’ चाचणीत छातीत दुखणारे ४,१४६ रुग्ण होते. नेहमीच्या तपासणीला सीटी अँजिओग्राफीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होते. अर्थात हा अभ्यास छातीदुखीच्या सर्वसाधारण रुग्णांचा होता, फुप्फुसे निकामी होत आलेल्यांचा नव्हे.

फुप्फुसाच्या रुग्णात चार गोष्टी आधी पाहाव्या लागतात. एक, काही सेकंद श्वास रोखता येतो का आणि पाठीवर सपाट झोपता येते का. आधुनिक, वेगवान यंत्रांवर हा वेळ कमी लागतो. दोन, नाडी. स्पष्ट चित्रासाठी ती ६० ते ६५ च्या आसपास असलेली बरी, पण पंप आणि नेब्युलायझरमधील औषधांनी ती वाढलेली असते. ती कमी करायला बीटा-ब्लॉकर देतात. मेटोप्रोलॉलसारखे मुख्यतः हृदयावर काम करणारे औषध स्थिर सीओपीडीत सहसा देता येते, पण दम्यात ते टाळून आयव्हाब्रॅडिनसारखा पर्याय निवडता येतो. तीन, मूत्रपिंडे. क्रिएटिनिन तपासूनच कॉन्ट्रास्ट दिला जातो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना शरीर आधीच कोरडे पडलेले असते. त्या दिवशी पाणी किती प्यायचे हे विचारून घ्यावे, कारण पायांवर सूज असलेल्यांना पाण्यावर बंधन असू शकते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी स्कॅनच्या आधी जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देतात. पल्मनरी हायपरटेन्शनच्या अनेक रुग्णांना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल चालू असते. ही दोन औषधे एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. रिओसिग्वाटबाबतही तेच. घरात ‘छातीत दुखले तर’ म्हणून ठेवलेली सॉर्बिट्रेटही याच वर्गातील आहे. त्यामुळे हा इशारा स्कॅन सेंटरपुरता नाही.

जुन्या एचआरसीटीत हृदयाची माहिती असू शकते?

हो, आणि ती फुकट मिळण्यासारखी आहे. फुप्फुसांच्या बहुतेक जुन्या रुग्णांच्या फाइलमध्ये छातीचा एक तरी सीटी स्कॅन असतोच. तो फुप्फुसांसाठी काढलेला असला तरी हृदय त्याच चौकटीत येते. रक्तवाहिन्यांत साचलेले कॅल्शियम त्यात पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसते. हृदयाच्या कॅल्शियमचा गुणांक मोजण्याची पद्धत आर्थर अ‍ॅगॅट्स्टन यांनी १९९० मध्ये मांडली. त्यासाठी हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून खास स्कॅन काढला जातो. पण साध्या छातीच्या स्कॅनमध्येही कॅल्शियम नाही, थोडे आहे की भरपूर आहे, एवढे सांगता येते. छातीच्या प्रत्येक साध्या सीटीत हे नोंदवावे, अशी शिफारस अमेरिकेतील हृदय-सीटी आणि छाती-रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे.

त्याच स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या मुख्य धमनीची रुंदीही मोजता येते. ती शेजारच्या महाधमनीपेक्षा रुंद असेल, तर सीओपीडी गंभीरपणे बळावण्याचा धोका जास्त असतो, हे २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील अभ्यासाने दाखवले. त्यामुळे जुनी फिल्म किंवा सीडी टाकून देऊ नये. ती घेऊन ‘यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम दिसते का?’ एवढा प्रश्न विचारला, तरी पुढच्या तपासणीची दिशा ठरू शकते. कॅल्शियम दिसले म्हणजे रक्त अडले आहे असे नव्हे, आणि नाही दिसले म्हणजे धोका शून्य असेही नव्हे. पण जोखीम जास्त की कमी, याचा तो चांगला अंदाज असतो.

मग तार घालून करायची अँजिओग्राफी कधी लागते?

छातीतील दुखणे वाढत चालले असेल, बिनतारेच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसतील किंवा सीटीत मोठा अडथळा दिसला असेल, तर मनगटातून किंवा जांघेतून केली जाणारी अँजिओग्राफी टाळता येत नाही. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या तयारीतील अनेक रुग्णांनाही ती करावी लागते. अवयववाटपाचे काम पाहणारे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र नागपुरात आहे. फुप्फुस प्रत्यारोपण मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांत होते. तिथे नाव नोंदवण्याआधी हृदयाची स्थिती पक्की माहीत असावी लागते, कारण इतकी मोठी शस्त्रक्रिया आजारी हृदयाला पेलत नाही.

पल्मनरी हायपरटेन्शनचे अंतिम निदानही उजव्या हृदयाच्या कॅथेटर तपासणीनेच होते. विश्रांतीत धमनीतील सरासरी दाब २० मिलिमीटरपेक्षा जास्त असणे ही आजची व्याख्या. २०१८ पूर्वी ही मर्यादा २५ होती.

तपासणीला जाण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगाल?

• फुप्फुसाच्या आजाराचे नेमके नाव : दमा, सीओपीडी, आयएलडी की जुन्या क्षयाचे व्रण. शेवटचा स्पायरोमेट्रीचा अहवाल सोबत ठेवा.

• पंप, नेब्युलायझर आणि गोळ्यांची पूर्ण यादी. थिओफायलिन, सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांचा उल्लेख आवर्जून करा. पाकिटेच नेली तर उत्तम.

• घरी ऑक्सिजन लागतो का, किती लिटर. प्रवासासाठी आणि रांगेत थांबण्यासाठी सिलिंडरची सोय आधीच करा.

• सपाट झोपता येते का, दहा सेकंद श्वास रोखता येतो का. हे घरी करून पाहा आणि जे खरे आहे तेच सांगा.

• शेवटचा ‘अ‍ॅटॅक’ कधी आला होता. थंडीत छाती भरून आल्यानंतर लगेच केलेली नियोजित चाचणी दिशाभूल करू शकते. प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबायचे का, हे विचारा.

• पंप बंद ठेवायचा की सोबत आणायचा. सोबत तो असायलाच हवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ही योजना मुख्यतः ठरावीक उपचार आणि शस्त्रक्रियांसाठी असल्याने केवळ बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात बसेलच असे नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे तपासणीची चिठ्ठी दाखवून आधीच विचारणे सोयीचे.

कोणत्या लक्षणांत तपासणीची वाट पाहू नये?

नेहमीच्या फवाऱ्यांनी न उतरणारी धाप, छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, हात, मान किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, दरदरून घाम, चक्कर किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर ‘दमाच असेल’ म्हणत थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. तिथे पहिल्याच वाक्यात दोन्ही गोष्टी सांगाव्यात : फुप्फुसांचा आजार जुना आहे आणि आजचा त्रास नेहमीपेक्षा वेगळा आहे.

ज्यांचा त्रास स्थिर आहे, त्यांनी आपल्या फाइलमधील शेवटचा टीएमटी अहवाल एकदा उघडून पाहावा. चाचणी धाप लागल्याने लवकर थांबली होती का? लक्ष्य नाडी गाठली होती का? उत्तर ‘नाही’ असेल तर हृदयाची तपासणी अजून बाकी आहे. पुढच्या भेटीत छातीविकारतज्ज्ञांना विचारायचा प्रश्न एकच : ‘माझ्या फुप्फुसांना झेपेल अशी हृदयाची चाचणी कोणती?’